पिसांनी अडवलेली हवा

उन्हाळ्याच्या सुटीत हिमालयात पदभ्रमणाला जाणाऱ्या तुकड्यांमध्ये महाराष्ट्रातले विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर जाणारे शिक्षक मोठ्या संख्येने असतात. निघण्यापूर्वी या शिक्षकांना पालकांकडून हमखास एक प्रश्न येतो : स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी? दुकानात गेले की गोंधळ वाढतो. एका बॅगेवर ‘उणे ५’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘उणे १०’. एकीत ‘६०० डाऊन’ असते, दुसरीत ‘८०० डाऊन’. किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो आणि विक्रेत्याचे उत्तर बहुधा ‘ही जास्त गरम आहे’ एवढेच असते. हे आकडे कशाचे, ते कोणी ठरवले आणि कोणासाठी ठरवले, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात डोंगरात नव्हे तर जर्मनीतल्या म्युनिक शहरात, सैनिकांच्या कपड्यांपासून होते.

काउंट रम्फर्ड हे नाव शिक्षकांना परिचित आहे. तोफेला भोक पाडताना निर्माण होणारी उष्णता मोजून, उष्णता हा पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे असे १७९८ साली सुचवणारा तोच हा माणूस. त्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म १७५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्यामुळे त्याला देश सोडावा लागला. पुढे तो बव्हेरियाच्या इलेक्टरच्या नोकरीत शिरला. तिथल्या सैन्याची व्यवस्था सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. सैनिकाला कमीत कमी खर्चात ऊबदार कपडा कसा द्यायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. दुसरा एखादा अधिकारी कापडाच्या व्यापाऱ्याला बोलावून मोकळा झाला असता. रम्फर्डने तापमापक हातात घेतला.

त्याचे उपकरण अगदी साधे होते. तापमापकाचा फुगा एका मोठ्या काचेच्या गोळ्याच्या मध्यभागी बसवलेला, आणि दोघांमधल्या पोकळीत ज्याची परीक्षा करायची तो पदार्थ भरलेला. हे सगळे उकळत्या पाण्यात धरून तापवायचे, मग बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवायचे आणि पारा ७० अंशांवरून १० अंशांवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. हे अंश रोमर मापनश्रेणीतले. त्या श्रेणीत पाणी ८० अंशांना उकळते, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये हा प्रवास साडेसत्त्याऐंशी अंशांपासून साडेबारा अंशांपर्यंतचा झाला. पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. मग त्याने दर वेळी १६ ग्रेन, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, असा वेगवेगळा पदार्थ भरला. पिंजलेल्या कापसाला १०४६ सेकंद लागले, मेंढीच्या लोकरीला १११८, कच्च्या रेशमाला १२८४, आयडर बदकाच्या मऊ पिसांना १३०५ आणि सशाच्या केसांना १३१५.

एवढ्यावर तो थांबला असता तर ‘कोणता पदार्थ जास्त उबदार’ याची यादी तयार झाली असती, आणि तीसुद्धा उपयोगीच ठरली असती. पण त्याने पुढे एक प्रयोग केला, तो आम्हांला या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रयोग वाटतो. त्याने तेवढ्याच वजनाचा कापूस घेतला, पण पिंजलेला नव्हे, तर पीळ देऊन सूत केलेला. पदार्थ तोच, वजन तेच, गोळा तोच. वेळ मात्र १०४६ सेकंदांवरून ८५२ सेकंदांवर आला. रेशमाचेही तसेच झाले : कच्चे रेशीम १२८४ आणि शिवणाचा रेशमी दोरा ९१७. ऊब पदार्थात असती तर पीळ दिल्याने ती कमी होण्याचे कारण नव्हते. त्याने हिशेब केला, तेव्हा गोळ्यातल्या पोकळीत रेशमाचा एक भाग असेल तर हवेचे सुमारे चोपन्न भाग निघाले. म्हणजे काम हवाच करत होती; धागे तिला फक्त जागच्या जागी अडवून धरत होते. हे संशोधन १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

आपल्याकडे ही गोष्ट पिंजाऱ्याला प्रयोगाशिवाय ठाऊक होती. चार-पाच वर्षे वापरून दडस झालेली गादी किंवा रजई तो उसवायचा, तोच कापूस धनुकलीवर पिंजायचा आणि पुन्हा भरून द्यायचा. कापसाचे वजन धुळीइतके घटलेले असे, पण रजई पुन्हा उबदार होई. पिंजाऱ्याने कापसात काय घातले? फक्त हवा.

रम्फर्डचा एक निष्कर्ष मात्र चुकला. हवेचे कण एकमेकांना उष्णता देतच नाहीत, ते फक्त स्वतः हलून ती वाहून नेतात, असे त्याने मानले. पुढे द्रवांनाही त्याने तोच नियम लावला. प्रत्यक्षात स्थिर हवेतूनही उष्णतेचे वहन होते, पण फार थोडे. हवेची उष्णतावाहकता मीटरला व अंशाला सुमारे ०.०२५ वॅट आहे. पिसे आणि केस ज्या केराटिन प्रथिनाचे बनलेले असतात त्याची वाहकता याच्या सुमारे आठपट, पाण्याची चोवीसपट आणि बर्फाची जवळजवळ नव्वदपट आहे. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. पुढे दक्षिण ध्रुवाजवळ गेल्यावर ते लागणार आहेत.

आता पिसांकडे वळू. बदकाच्या किंवा हंसाच्या अंगावर वरून दिसतात ती पिसे चपटी आणि मध्ये दांडी असलेली असतात. त्यांच्या खाली, त्वचेलगत, एक वेगळीच लव असते. व्यापारात तिलाच डाऊन म्हणतात. तिला लांब दांडी नसते. एका सूक्ष्म बुडख्यापासून चहूबाजूंना तंतू फुटतात, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू फुटतात. म्हाताऱ्या म्हणून मुले उडवतात त्या रुईच्या बीजाचा पिंजारा डोळ्यांपुढे आणला की साधारण कल्पना येते. असे दोन पुंजके एकमेकांत गुंतत नाहीत, एकमेकांना दूर लोटतात. दाबले तर मुठीत मावतात, सोडले की पुन्हा फुगतात. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्याला नेमके हेच हवे असते : दिवसा लहान, रात्री मोठे.

रम्फर्डच्या तक्त्यात याच मुद्द्याचा आणखी एक पुरावा आहे. त्याने त्याच गोळ्यात आयडरची लव १६ ग्रेनऐवजी ३२ आणि मग ६४ ग्रेन ठासून भरली. वेळ १३०५ वरून १४७२ आणि १६१५ सेकंद झाला. वजन चौपट, फायदा चोवीस टक्के. जागा तेवढीच ठेवून पिसे ठासली तर पदरात फारसे पडत नाही. तीच पिसे जास्त जागेत मोकळी पसरली तर थराची जाडी वाढते, आणि उष्णता अडते ती मुख्यतः जाडीमुळे. म्हणून बॅग किती जड आहे यापेक्षा ती उघडल्यावर किती फुगते हे पाहायचे.

हे सगळे माहीत असूनही लवेची बॅग डोंगरात पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे गेली. व्यापारी प्रमाणावर विकली गेलेली पहिली स्लीपिंग बॅग समजली जाते ती वेल्समधल्या न्यूटाउन गावच्या प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याची. १८७६ साली त्याने तिचे पेटंट घेतले. ती लोकरी कांबळ्याची होती, उशाला हवा भरायची रबरी पिशवी. रशियन सैन्याने प्लेव्हनाच्या वेढ्यासाठी १८७७ साली साठ हजार नगांची मागणी नोंदवली. वेढा संपला, मागणी रद्द झाली आणि सतरा हजार नग व्यापाऱ्याच्या गळ्यात पडले. १८८८ साली नान्सेन आणि त्याचे पाच साथीदार ग्रीनलंड ओलांडून गेले ते रेनडियरच्या कातड्याच्या दोन बॅगांमध्ये, एकेका बॅगेत तिघे तिघे झोपून. बॅग वाटून घेतली की वजनही वाटले जाते आणि शेजाऱ्याची ऊबही मिळते, हा त्यातला साधा हिशेब.

त्यानंतरचा प्रसंग मात्र सावकाश सांगण्यासारखा आहे. १९११ सालच्या २७ जूनला, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडच्या ऐन हिवाळ्यात आणि सततच्या अंधारात, स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप एव्हान्सच्या तळावरून केप क्रोझियरकडे निघाले. सम्राट पेंग्विनची अंडी आणायची होती. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तापमान एका टप्प्यावर उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेले. तिघांकडे रेनडियरच्या कातड्याच्या बॅगा होत्या आणि आत घालायला आयडरच्या लवेचे अस्तर होते. विल्सन आणि चेरी-गॅरार्ड यांनी ते वापरले, बॉवर्सने नुसत्या कातड्यावर भागवले. १ ऑगस्टला ते तीन अंडी घेऊन परतले तेव्हा बॅगांची वजने नोंदवली गेली. चेरी-गॅरार्डची बॅग निघताना १८ पौंड होती, परतताना ४५ पौंड. विल्सनची १७ वरून ४० आणि बॉवर्सची १७ वरून ३३.

चेरी-गॅरार्डच्या बॅगेत २७ पौंड म्हणजे सुमारे बारा किलो भर कशाची पडली? बर्फाची. आणि तो बर्फ बाहेरून आला नव्हता. माणूस झोपेत घाम आला नाही तरी त्वचेवाटे आणि श्वासावाटे पाण्याची वाफ सतत बाहेर टाकत असतो. बारा किलोंना पस्तीस रात्रींनी भागले तर रात्रीला सुमारे साडेतीनशे ग्रॅम येतात. बॅगेचे तोंड बंद करून आतच श्वास घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सहज शक्य आहे. एरवी ही वाफ पांघरुणातून आरपार निघून जाते. पण बाहेर उणे पन्नास असेल तर पांघरुणाच्या जाडीतच कुठेतरी दवबिंदूचे, आणि त्याच्यापुढे गोठणबिंदूचे तापमान येते. वाफ तिथेच थांबते, तिचे पाणी आणि पाण्याचा बर्फ होतो. जी जागा हवेची होती ती बर्फाने घेतली, आणि दोहोंच्या वाहकतेतला फरक आपण वर पाहिला आहे. शिवाय भिजलेली लव फुगत नाही. तिच्या गोळ्या होतात. लवेचे अस्तर असलेल्या दोन्ही बॅगा बॉवर्सच्या बॅगेपेक्षा जास्त जड झाल्या, हे इथे ध्यानात घ्यावे. बॅगा इतक्या कडक गोठत की आत शिरायचे म्हणजे अंगाच्या उबेने इंच इंच वितळवत जायचे. तिघे जिवंत परतले ही नवलाची गोष्ट. विल्सन आणि बॉवर्स पुढच्याच वर्षी स्कॉटबरोबर ध्रुवावरून परतताना मरण पावले.

हिमालयातल्या आठ दिवसांच्या पदभ्रमणात बारा किलो बर्फ साचणार नाही. पण क्रिया तीच घडते, लहान प्रमाणावर. म्हणून रोज सकाळी बॅग तंबूत गुंडाळून न टाकता अर्धा तास उलटी करून उन्हात पसरावी, तोंड बॅगेबाहेर ठेवून झोपावे आणि ओल्या कपड्यांनिशी आत शिरू नये. आमच्या मते विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वी सांगायच्या गोष्टींत ही पहिली असावी. बॅग कितीही महाग असली तरी ओलेपणाला इलाज नाही.

लवेचा पोशाख एव्हरेस्टवर पहिल्यांदा नेला तो जॉर्ज फिंच याने, १९२२ साली. फिंच रसायनशास्त्रज्ञ होता, जन्माने ऑस्ट्रेलियन, शिक्षण झुरिकचे, नोकरी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. त्या काळी इंग्रज गिर्यारोहक लोकरी सदरे, ट्वीडचे कोट आणि गळपट्टे घालून चढत. फिंचने बलून बनवण्याच्या कापडाचा, आत आयडरची लव भरलेला गुडघ्यापर्यंतचा कोट शिवून घेतला. सोबत्यांनी आधी चेष्टा केली आणि उंचावर गेल्यावर हेवा केला. बलूनचे कापड निवडण्यामागे विचार होता. ते विणीने घट्ट, त्यातून वारा शिरत नाही आणि वजनाला हलके. पिसांनी हवा अडवली, तरी वारा आत शिरून ती पळवणार असेल तर उपयोग काय? आजच्या बॅगेचे पातळ नायलॉन कापड हेच काम करते. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस कृत्रिम प्राणवायूच्या मदतीने ८,३०० मीटरच्या वर पोहोचले. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणी गेले नव्हते.

हा फिंच पुढे आपल्या पुण्यात आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा तो १९५२ ते १९५७ या काळात संचालक होता. म्हणजे एव्हरेस्टचे शिखर १९५३ साली सर झाले तेव्हा त्या पर्वतावर लवेचा कोट आणि प्राणवायू प्रथम एकत्र वापरणारा माणूस पुण्यात प्रयोगशाळा चालवत होता.

फिंचपर्यंत सगळा व्यवहार अनुभवाचा होता; ऊब मोजायला एकक नव्हते. ते दुसऱ्या महायुद्धाने दिले. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट यांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ अंश तापमानाच्या, वारा जवळजवळ नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामात ठेवील एवढे कपड्यांचे उष्णतारोधन म्हणजे एक क्लो. ढोबळपणे एक सूट. त्याच दशकात अमेरिकी सैन्यासाठी तांब्याचे पुतळे बनले. आतून विजेने तापवलेला पुतळा कपडे घालून थंड खोलीत ठेवायचा आणि त्याचे तापमान टिकवायला किती वीज लागते ते मोजायचे. रम्फर्डचाच प्रयोग, काचेच्या गोळ्याच्या जागी माणसाचा आकार. पण विजेवर तापणाऱ्या पुतळ्याला सांगाल तेवढी उष्णता देता येते. जिवंत माणूस किती देतो, ते ज्याच्या त्याच्यावर अवलंबून असते.

बॅगेवरच्या तापमानाच्या आकड्याचा घोळ इथेच आहे. अनेक वर्षे प्रत्येक उत्पादक आपापल्या अंदाजाने आकडा छापत असे. युरोपात २००२ साली त्यासाठी समान मानक आले, आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक. तापवलेला पुतळा अंगभर कपडे घालून, बॅगेत आणि बॅगेखाली मॅट घालून ठेवतात आणि त्यावरून तीन तापमाने काढतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे प्रमाण मानलेली स्त्री हातपाय सैल सोडून झोपली असता तिला थंडी वाजणार नाही ते तापमान. ‘लिमिट’ म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग आखडून झोपला तर जेमतेम निभावेल ते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे माणूस काही तास जिवानिशी राहील, पण झोपेचे नाव नको. पहिल्या दोघांत साधारण पाच-सहा अंशांचा फरक पडतो. या मानकात स्त्री आणि पुरुष वेगळे धरले ही आमच्या मते त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. लहान चणीच्या शरीरात उष्णता कमी निर्माण होते आणि तिच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते.

दुकानदार मात्र बहुतेक वेळा दुसरा आकडा सांगतो, कधी कधी तिसराही. ‘उणे ५’ लिहिलेली बॅग घेऊन सगळी तुकडी एकाच तळावर उणे ५ अंशांत झोपली, तर धट्टाकट्टा मुलगा घोरत पडेल आणि शेजारच्या तंबूतली चौदा वर्षांची सडसडीत मुलगी पहाटेपर्यंत कुडकुडत राहील. तिला नाजूक म्हणण्यात अर्थ नाही. तिच्या बॅगेवरचा आकडा तिच्यासाठी नव्हताच. मुलींसाठी आणि लहान मुलांसाठी बॅग निवडताना कम्फर्टचाच आकडा पाहावा आणि तोही अपेक्षित थंडीपेक्षा पाचेक अंशांनी खाली असावा. आकडा एकच असेल आणि तो कोणता ते लिहिलेले नसेल, तर तो लिमिटचा धरून चालावे.

दुसरा आकडा लवेच्या फुगण्याचा. ‘६००’ म्हणजे एक औंस लव मोकळी सोडल्यावर ६०० घन इंच जागा व्यापते. आपल्या मापात एका ग्रॅमला सुमारे ३५० घन सेंटिमीटर, पाण्याच्या मोठ्या पेल्याएवढे. ‘८००’ची एक ग्रॅम सुमारे ४६० घन सेंटिमीटर व्यापते. म्हणजे ६००ची ७०० ग्रॅम आणि ८००ची सव्वापाचशे ग्रॅम लव घेतली तर दोन्ही बॅगा सारख्याच फुगतील, म्हणून जवळपास सारख्याच उबदार होतील. ‘८००’ ही जास्त गरम नव्हे, पावणेदोनशे ग्रॅमनी हलकी. वजनात वाचलेल्या या पावणेदोनशे ग्रॅमसाठी किती पैसे मोजायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. शाळेच्या तुकडीला तरी आम्ही ६०० पुरेशी मानू. त्यापेक्षा शिवण पाहावी. वरचे आणि खालचे कापड आरपार एकत्र शिवलेले असेल तर त्या शिवणीवर पिसांची जाडी शून्य, आणि थंडी नेमकी तिथून शिरते. चांगल्या बॅगेत दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या भिंती घालून कप्पे केलेले असतात. अंगाखालची पिसे वजनाने दबतात, तिथे बॅग फारशी मदत करत नाही. जमिनीची थंडी अडवायची ती कॅरीमॅटने.

सह्याद्रीत मात्र लवेची बॅग बहुतेकदा अनाठायी. हिवाळ्यात गडावरच्या गुहेत गोधडी किंवा कृत्रिम तंतूंची हलकी बॅग पुरते, आणि पावसाळ्यात लव भिजली की संपलीच. कृत्रिम तंतू जड असतात, पण ओले झाल्यावरही त्यांचा फुगवटा बराचसा टिकतो.

आणि ही लव येते कुठून? आयडरची मादी स्वतःच्या छातीची लव उपटून घरट्यात घालते. आइसलंडचे शेतकरी ती घरट्यांतून हाताने गोळा करतात. या पक्ष्याला तिथे १८४७ पासून कायद्याचे संरक्षण आहे. एक किलो लवेसाठी साठेक घरटी लागतात, त्यामुळे ती सोन्यासारखी महाग. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या बॅगांमध्ये मांसासाठी पाळलेल्या बदकांची आणि हंसांची लव असते. काही ठिकाणी ती जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून उपटली जाते हे उघडकीस आल्यावर बरीच टीका झाली, आणि २०१४ साली पुरवठ्याची तपासणी करणारे एक प्रमाणपत्र सुरू झाले. बॅगेवर ते आहे का, हे विद्यार्थ्यांनी दुकानात विचारावे.

रम्फर्डचा प्रयोग वर्गात करता येतो. सारख्या तीन परीक्षानळ्या, तीन तापमापक आणि सारख्या तीन मोठ्या बरण्या घ्याव्यात. वीस-वीस ग्रॅम कापसाचे तीन वाटे करावेत. पहिल्या नळीभोवती कापूस चांगला पिंजून बरणीभर सैल बसवावा. दुसऱ्या नळीभोवती तेवढाच कापूस दोऱ्याने आवळून घट्ट बांधावा. तिसऱ्या नळीभोवती कापूस पहिल्यासारखाच सैल, पण त्यावर वीस-पंचवीस घन सेंटिमीटर पाणी शिंपडलेले. तिन्ही नळ्यांत एकाच भांड्यातले गरम पाणी सारखे ओतून तोंडे कापसाच्या बोळ्याने बंद करावीत आणि पारा ७० अंशांवरून ५० अंशांवर यायला लागणारा वेळ नोंदवावा. नोंदी घेण्यापूर्वी तिन्ही वेळांचा क्रम प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या वहीत लिहून ठेवावा. स्लीपिंग बॅग भाड्याने आणायची असेल तर त्याच दिवशी तीही वर्गात आणून पिशवीतून बाहेर काढावी, अर्धा तास तशीच ठेवावी आणि पट्टीने तिची उंची चार ठिकाणी मोजावी.